बाबांनी शिव्या देणं सोडलं तेव्हा

आजारपणावरची पुस्तकं मला सहन होत नाहीत. पहिल्या पानावर माणूस अंथरुणाला खिळतो, शेवटच्या पानावर डोंगर चढतो, आणि मधल्या सगळ्या पानांत कुठेही बेडपॅन नाही. माझा नवरा हॉस्पिटलात पडला तेव्हा ओळखीच्या शहाण्यांनी मला असली पुस्तकं आणून दिली. एकाच्या मुखपृष्ठावर तर सूर्योदय होता. वॉर्डातली एक खिडकी वाऱ्याने सारखी आपटायची, तिच्या फटीत मी ते पुस्तक कोंबलं. खिडकी गप्प झाली, म्हणजे पुस्तकाचा उपयोग झाला म्हणायचा.

तरी मी लिहायला बसले आहे, कारण मागे फिजिओथेरपीच्या बाहेरच्या बाकावर आमच्या डिचोलीचीच एक बाई भेटली. तिच्या भावाला तेच झालेलं. तिने ना आजाराचं नाव विचारलं ना औषधाचं. एवढंच विचारलं, "हात परत येतात हो?" तेवढ्यात आमचा नंबर लागला आणि मी उत्तर न देता आत गेले. ते उत्तर इथे देते आहे.

आजाराचं नाव जीबीएस. आधी पोट बिघडतं किंवा ताप येतो, तो बरा होतो. मग शरीराची राखण करणारी फौज चुकून स्वतःच्याच नसांवर तुटून पडते. पायांपासून ताकद जायला लागते आणि ते वर वर चढतं. कुठपर्यंत चढणार हे कुणी सांगू शकत नाही. बाकीचं डॉक्टरांना विचारा, मी शाळेत मराठी शिकवणारी बाई आहे.

हरणाऱ्या संघाचा गोलकीपर

माझा नवरा कीन मकावचा. मकाव म्हणजे चीनच्या टोकाला चिकटलेलं शहर, आपल्या गोव्यासारखंच आधी पोर्तुगीजांच्या ताब्यात होतं. आई चिनी, वडील चिनी, आणि पासपोर्ट पोर्तुगालचा. हा दिवसा कसिनोच्या दारात पहारेकरी आणि संध्याकाळी गोलकीपर. तिथे फुटबॉलवर कुणाचं पोट भरत नाही. शहराच्या संघातून तो बाहेरच्या देशांविरुद्ध खेळला, आणि त्या संघाला एकच गोष्ट मनापासून जमायची, हरायची. तुझा सगळ्यात चांगला सामना कुठला, असं मी एकदा विचारलं. म्हणाला, आठच गोल खाल्ले तो. असल्या माणसाशी मी लग्न केलं.

एका स्पर्धेसाठी तो गोव्यात आला. तिथेही हरले. पण इथल्या एका क्लबाच्या लोकांच्या लक्षात आलं की मार खाऊन खाऊन या माणसाचे हात तयार झालेत. त्यांनी त्याला ठेवून घेतलं आणि पोस्टरवर 'चीनची भिंत' असं छापलं. ही कल्पना ज्याला सुचली तो सेक्रेटरी अजूनही समजतो की जगात ती फक्त त्यालाच सुचू शकली असती. कीन काही हंगाम खेळला, मग खांदा निखळला, मग त्याच क्लबात पोरांना गोलकीपिंग शिकवू लागला.

आमच्या हायस्कुलात क्लबाचं शिबिर होतं तेव्हा त्याचं इंग्रजी पोरांना सांगायला दुभाषी म्हणून मला मैदानावर पिटाळलं गेलं, कारण उन्हात उभं राहायला दुसरं कुणी तयार नव्हतं. आमचं प्रेमप्रकरण ते एवढंच. लोकांना यात काहीतरी सिनेमासारखं हवं असतं. नाही. मला ऊन लागलं आणि त्याने स्वतःची टोपी दिली, ती घामाने ओली होती.

बाबा

माझं माहेर हळर्ण, पेडणे तालुक्यातलं. माझे बाबा शिव्या देतात. गुरांना देतात, बसच्या कंडक्टरला देतात, पंप चालू झाला नाही तर पंपाला देतात. घरच्यांना तर सकाळचा चहा पोटात जायच्या आधीपासून. मला दहावीत पहिला वर्ग मिळाला तेव्हा म्हणाले, "मास्तर पिसो जालो काय गो, मेले?" म्हणजे मास्तरला वेड लागलं का. आणि त्याच संध्याकाळी पेडण्याच्या बाजारात सगळ्यांना सांगून आले. गोड ते फक्त परक्यांशी बोलतात. बँकेतला साहेब, तलाठी, आणि मरायला टेकलेली माणसं. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

चिनी जावई म्हटल्यावर त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. आईचं मात्र कीनशी लगेच जमलं. जनेल, मेज, कुलेर, तुवालो हे आमच्या घरातले शब्द त्याला शाळेतल्या पोर्तुगीजमुळे कळायचे. खिडकी, टेबल, चमचा आणि टॉवेल एवढ्या भांडवलावर ती दोघं तासन् तास बोलायची. काय बोलायची देव जाणे.

मग नारळ पाडायचा दिवस आला. आमच्याकडे पाडेली माडावर चढून नारळ खाली टाकतो. बाबा ते गोळा करतात आणि खोपीच्या दारात उभ्या असलेल्या माणसाकडे एकेक फेकतात, मोठ्याने मोजत. दारातला माणूस झेलतो आणि आत रचतो. मोजताना पहिल्या नारळाला 'एक' म्हणायचं नसतं, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन, असं. आणि बाबांचा स्वतःचा कायदा असा की झेलणाऱ्याच्या हातून एक नारळ सुटला तर त्या शेकड्यातले सगळे बाहेर काढायचे आणि मोजणी पुन्हा लाभपासून. या कायद्यापायी त्यांच्याकडे कुठलाच गडी टिकत नाही.

त्या दिवशी गडी आला नव्हता. कीन जाऊन दारात उभा राहिला. बाबांनी पहिलाच नारळ मुद्दाम वाकडा आणि जोरात मारला. त्याने घेतला. दुसरा गुडघ्यावर, तिसरा डोक्यावरून. सगळे घेतले. बाबा घामाघूम झाले, पण सुटेना एकही. शेवटी त्यांनी चिडून दोन्ही हातांनी दोन नारळ एकदम फेकले. एक झेलला, दुसरा धप्पकन खाली.

"मेल्या चिन्या!" बाबा ओरडले. "हात आसत काय सोडणां? परत लाभ!"

सोडणां म्हणजे नारळाची सालं. कीनला अर्थ मी सांगितला, आणि हेही सांगितलं की बाबा परक्यांना शिव्या देत नाहीत. जेवताना तो पदक मिळाल्यासारखा बसला होता. त्या दिवसापासून बाबांनी त्याचं नाव एकदाही घेतलं नाही. 'मेल्या', 'चिन्या', 'आंधळ्या', जे तोंडाला येईल ते. आणि हा प्रत्येक हाकेला ओ द्यायचा.

सरपटी बॉल

आधी पोट बिघडलं. मोरजीला एका लग्नाला जाऊन आलो होतो, तिथलं काहीतरी. ते बरं झालं, आम्ही विसरलो. मग एका संध्याकाळी सरावात शाळकरी पोराने मारलेला साधा सरपटी बॉल याच्या हातांमधून निघून गेला. पोरं हसली, हाही हसला. घरी येऊन म्हणाला, ग्लोव्ह जुने झाले. दुसऱ्या दिवशी कप पडला. मग चप्पल पायातून निसटली आणि हा अनवाणीच चार पावलं पुढे गेला, त्याला कळलंच नाही.

"बोटांना मुंग्या," म्हणाला.

"वय झालं," मी म्हणाले. आमच्याकडे लाड करायची पद्धत नाही.

जवळच्या डॉक्टरांनी अशक्तपणा आहे म्हणून जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. तुमच्या घरात कुणाला अशा मुंग्या येत असतील, चालताना पाय जड वाटत असतील आणि रोज थोडं वाढत असेल, तर गोळ्यांवर बसू नका, आणि माझ्यासारखं वयावरही ढकलू नका. पुढच्या सकाळी कीन खाटेवरून उठायला गेला आणि जमिनीवर बसला. बसला म्हणजे पाय नव्हतेच खाली, असा. शेजाऱ्याच्या गाडीत घालून म्हापशाला नेलं, तिथून पुढे मोठ्या सरकारी हॉस्पिटलात.

तिथल्या तरुण डॉक्टरणीने छोट्या हातोडीने त्याच्या गुडघ्याखाली ठोकलं. पाय हलला नाही. दुसऱ्या पायावर ठोकलं. मग मनगटावर, कोपरावर. जिथे ठोकलं तिथे काही नाही. ती हातोडी खिशात ठेवून म्हणाली, "आजच दाखल करायचं." कीन स्वतःच्या हातांकडे पाहत होता. एखादा ओळखीचा माणूस रस्त्यात तोंड फिरवून निघून जावा तसं त्याचं तोंड झालं होतं. मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. कुणावर, ते कळेना.

"चीनला कधी जाऊन आले?" डॉक्टरणीने विचारलं.

"कितीतरी वर्षांत नाही. गेल्या महिन्यात मोरजीला जाऊन आलाय."

तिने ते गंभीरपणे लिहूनही घेतलं.

भेटायला येणारी जमात

दुपारपर्यंत वॉर्डभर झालं की चीनची नवी साथ आली आहे. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या सुनेने नाकाला पदर लावून खाट बदलून मागितली. सिस्टरने तिला झाडलं, पण सून बधली नाही, तिने खाटांच्या मध्ये चादर टांगली. चादरीपलीकडून म्हातारा मात्र रोज विचारायचा, "चिनी बरो आसा मगो?" त्या वॉर्डात माणुसकी दाखवली ती फक्त त्या म्हाताऱ्याने.

भेटायला येणाऱ्यांबद्दल मी स्पष्ट बोलणार आहे. पहिली आली बाबांची बहीण, शालन आत्या. मोठा डबा. "त्याच्या गावचा खाणा हाडलां," म्हणाली. उघडला तर गोबी मंचुरियन, म्हापशाच्या गाड्यावरचं, लालभडक. ज्या माणसाला पाणी गिळताना ठसका लागत होता त्याच्यासाठी. दुसऱ्या दिवशी कुणीतरी नूडल्स, तिसऱ्या दिवशी चायनीज भेळ. मकावमध्ये असलं काही कुणी खात नाही असं सांगितलं तर आत्या म्हणाली, "तो आता हंयचो जालो, विसारलो आसतलो." म्हणजे आता इथला झाला, विसरला असेल. सगळे डबे मी वॉचमनला दिले. मग त्याचंही पोट बिघडलं.

क्लबाचा सेक्रेटरी पुष्पगुच्छ घेऊन आला. मागोमाग फोटो काढणारा. "अंगठा वर कर, चॅम्पियन," सेक्रेटरी म्हणाला. कीनने प्रयत्न केला. अंगठा हलला नाही. तर या गृहस्थाने स्वतःच्या दोन बोटांनी माझ्या नवऱ्याचा अंगठा धरून उभा केला आणि फोटो काढून घेतला. संध्याकाळी तो फोटो सगळीकडे फिरत होता, 'चीनची भिंत अभेद्य'. महिना सरायच्या आत त्यांनी दुसरा कोच नेमला. तेव्हा पुष्पगुच्छ आला नाही.

आणि ते सगळे 'पॉझिटिव्ह राहा'वाले. एक जण मला म्हणाला, मनात आणलं तर काहीही शक्य आहे. मी म्हटलं, मग मनात आणा आणि ते बेडपॅन घेऊन जा. तो पुन्हा आला नाही, ही त्याची आम्हाला झालेली खरी मदत.

या सगळ्यात आईने एकच शहाणपणा केला. तिने पेज आणली. उकड्या तांदळाची, मीठ घातलेली, निवलेली. मी कुलेरीने एकेक घास भरवला. पहिल्या घासाला कीनने डोळे मिटले. हे त्याच्या आजीचं जेवण, तो म्हणाला. तिकडेही आजारी माणसाला हेच देतात.

"चीनांत पेज?" आई म्हणाली. "कायतरीच सांगता." पण त्यानंतर तिने रोज पहाटे उठून पेज केली आणि पहिल्या बसने पाठवली, आणि एकदाही दमले म्हटलं नाही.

एका दमात

औषध सलाइनमधून सुरू झालं, तरी आजार वर चढतच होता. आता भीती छातीची होती. श्वास किती टिकतो हे बघायला डॉक्टर एक सोपी परीक्षा घेत. एक मोठा श्वास घ्यायचा आणि त्या एकाच दमात जमतील तेवढे आकडे मोजायचे. आज किती, काल किती.

पहिल्यांदा त्याने स्वतःच्या भाषेत मोजलं. सिस्टर म्हणाली, मला कळत नाही, आमच्या भाषेत मोज. आमच्या भाषेतले आकडे तो नारळांवर शिकला होता. त्याने श्वास घेतला आणि सुरू केलं, "लाभ, दोन, तीन, चार..."

सिस्टर दक्षिण गोव्यातली, तिने लाभ कधी ऐकलं नव्हतं. ती थांबली. "पुन्हा." पुन्हा लाभ. तिने डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर म्हणाले, "एकपासून." हा म्हणाला, "लाभ." तिसऱ्यांदा झालं तेव्हा दोघांनी बाजूला जाऊन ठरवलं की पेशंट भ्रमात आहे, डोक्याचा फोटो काढावा लागेल. मी चहा घेऊन आले तोवर स्ट्रेचर आलेलं.

मी समजावून सांगितलं. आमच्याकडे एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, भात मोजताना, नारळ मोजताना. डॉक्टर मोठे शिकलेले, त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझ्याही डोक्याचा फोटो काढावा की काय. शेवटी चादरीपलीकडून म्हातारा ओरडला, "बरोबर मोजता तो! पयलो लाभूच!" तेव्हा कुठे स्ट्रेचर परत गेलं.

मी हसले. त्या दिवसांत एकदाच. कारण दुसऱ्या दिवशी तो पंधराच्या आतच अडकला, आणि त्याच्या पुढच्या दिवशी लाभ, दोन, तीन, चार, पाच, आणि मग नुसतीच तोंडाची हालचाल. त्याला आयसीयूत हलवलं. आता श्वास घ्यायला यंत्र लावावं लागेल की नाही हे एक-दोन दिवसांत कळेल, म्हणाले. मी बाहेरच्या खुर्चीवर बसून मनातल्या मनात लाभपासून मोजत राहायचे आणि मध्येच स्वतःचाच श्वास धरून ठेवलेला असायचा.

जांवयबापू

त्याच दिवशी बाबा आले. तोवर आले नव्हते. गुरांचं कोण बघणार, असं म्हणत होते. खरं काय ते मला माहीत होतं, त्यांना हॉस्पिटलची भीती वाटते. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. आयसीयूत एकालाच सोडतात, पण मी दारातून पाहत होते.

बाबा खाटेपाशी गेले आणि त्यांनी हात जोडले. हात जोडले! आणि म्हणाले, "कसे आसात, जांवयबापू?"

कीनने त्यांच्याकडे पाहिलं. मग मान नाही, फक्त डोळे वळवून दाराकडे, माझ्याकडे पाहिलं. बाबा अजून काहीबाही बोलले, देव आसा, सगळा बरा जातला, असलं. बँकेतल्या साहेबाशी बोलतात तसं.

ते बाहेर आले आणि मी आत गेले. कीनचा आवाज अगदी बारीक झाला होता. "हांव मरता?"

"कोण म्हणालं?"

"बाबा," तो म्हणाला. "शिवी ना." शिवी दिली नाही.

मी बाहेर आले आणि बापाशी भांडले. आयसीयूच्या दारात, चार माणसांच्या समोर. म्हटलं, "तुम्ही त्याला मारलात. डॉक्टरांनी नाही मारलं, तुम्ही मारलात. आत जा आणि शिव्या द्या त्याला."

"दुयेंतीक शिव्यो दितत?" बाबा म्हणाले. आजारी माणसाला कुणी शिव्या देतं का?

"तुम्ही द्या."

ते आत गेले. खरंच गेले. खाटेपाशी उभे राहिले, तोंड उघडलं, मिटलं. शर्टाची बाही पिरगाळली. परत आले आणि भिंतीला टेकून म्हणाले, "जीभ वळना गो." त्या माणसाची जीभ वळत नव्हती. मी आयुष्यात त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगते, मला त्यांची कीव आली नाही. मला इतका राग आला होता की वाटलं धरून हलवावं.

मग मीच आत जाऊन शिव्या दिल्या. माहेरच्या सगळ्या, बाबांच्या चालीत. कीनने शांतपणे ऐकून घेतल्या. "तुजी चलना," म्हणाला. तुझी चालत नाही.

यंत्र लागलं नाही. कडेपर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं. का थांबलं ते विचारायला मी गेले नाही. दोन-तीन दिवसांनी सिस्टर मोजायला आली आणि तो सहावर गेला, मग नवावर. ती स्वतःच म्हणाली, "चल, लाभपासून."

पिवळा बॉल

बरं होणं ही सगळ्यात कंटाळवाणी गोष्ट आहे. पुस्तकवाले हे सांगत नाहीत. आजार धावत येतो आणि बैलगाडीने जातो. फिजिओथेरपीत त्याला दाबायला एक पिवळा रबरी बॉल दिला, त्यावर हसरं तोंड काढलेलं. आठ गोल खाऊनही मान ताठ ठेवणाऱ्या माणसाला हे. त्याचं एकही बोट त्या बॉलात रुतायचं नाही आणि ते तोंड आपलं हसतंय.

डिचोलीच्या आमच्या भाड्याच्या घराला जिने आहेत, म्हणून सुट्टी मिळाल्यावर त्याला हळर्णला नेलं. तिथे मला वाटलं होतं बाबा सुधारतील. कुठलं! 'जांवयबापू, चहा घेतात?' 'जांवयबापू, पंखो लावू?' त्याच्या खुर्चीखाली उशी. त्याच्या ताटात मोठा मासा, काटे काढून. कीन आधी हसायचा, मग गप्प बसायला लागला. व्यायाम करायचं टाळू लागला. मी ओरडले की म्हणायचा, "कित्याक? हांव पावणो." कशाला? मी इथला पाहुणा.

आई म्हणाली, "तांका सांग, पुरो जाला आता." मी सांगितलं. बाबा म्हणाले, "तुका कळना. तो बरो जावचो ना. हात बघ ताचे." एवढं बोलून ते माडांत निघून गेले. म्हणजे त्यांनी आशा सोडली होती, आणि कीनला ते त्यांच्या तोंडून ऐकायची गरजच नव्हती. प्रत्येक चहाबरोबर त्याला ते मिळत होतं.

त्या दिवसांत मी दोघांचाही तिरस्कार केला. नवऱ्याचा, कारण तो एका म्हाताऱ्याच्या शिवीवाचून अडून बसला होता. बापाचा, कारण आयुष्यभर फुकट वाटलेली गोष्ट नेमकी हवी तेव्हा त्याच्याकडे नव्हती. आणि शाळेतून सुटून बसने हळर्ण गाठायचं, त्याला न्हाऊ घालायचं, वह्या तपासायच्या, हे सगळं करणाऱ्या स्वतःचा तर सगळ्यात जास्त. तुमच्या घरी आजारी माणूस असेल आणि तुम्हाला असं वाटत असेल, तर वाटू दे. त्याने काही बिघडत नाही. पेज वेळेवर द्या म्हणजे झालं.

लाभ

पाय परत आले. काठी घेऊन तो अंगणात फिरू लागला. हातांचं मात्र मनगटापर्यंत ठीक, पुढे बोटं अडाणी. शर्टाचं बटण अजून लागत नव्हतं.

नारळ पाडायचा दिवस आला. बाबांनी झेलायला आरोंद्याहून नवा गडी आणला होता. पाडेली माडावर चढला, नारळ पडू लागले. कीन ओसरीवरून उठला, काठी टेकत खोपीच्या दारापाशी गेला आणि गड्याला म्हणाला, "बाजूक सर." गडी बाजूला झाला.

"बसा, बसा, जांवयबापू," बाबा धावत आले. "ऊन लागतलां."

कीनने काठी भिंतीला टेकवली. "फेक."

बाबा थांबले. मग त्यांनी एक छोटासा नारळ निवडला, जवळ आले आणि प्रसाद द्यावा तसा अलगद त्याच्या हातांत ठेवला. कीनने तो जमिनीवर टाकला. सुटला नाही, टाकला.

"फेक!"

मी ओसरीवर होते, आई स्वयंपाकघराच्या दारात. बाबांनी तो नारळ उचलला, आपल्या जागेवर परत गेले. "लाभ," ते पुटपुटले आणि खालून हळूच टाकला. कीनने तो छातीशी धरला, दोन्ही हातांनी कवटाळून. बोटांचा उपयोग नव्हताच. वळून आत ठेवला. "दोन." छातीशी. "तीन." त्याचा शर्ट मातीने भरला. "चार." बाबा आता जरा वरून फेकू लागले होते. "पाच." "सहा." पोटावर आदळला, पण धरला. सातवा आला तो बरोबर बोटांवर. बोटं उघडली, मिटायला उशीर झाला, आणि नारळ निसटून त्याच्या पायावर पडला.

मी उठले. आईच्या तोंडून "देवा" निघालं. कीनने पायाकडे पाहिलंच नाही. तो बाबांकडे पाहत होता. लागलं असणार, पण तो तसाच हात पुढे करून उभा.

बाबांचं तोंड हलत होतं, आवाज नव्हता. वाटलं आता म्हणणार, राहू द्या, जांवयबापू. ते म्हणाले असते तर, मला नक्की माहीत आहे, कीन त्या काठीला धरून ओसरीवर येऊन बसला असता आणि परत उठला नसता.

"मेल्या!" बाबांचा आवाज फाटला. "मेल्या चिन्या! हात आसत काय सोडणां? इतके म्हयने माझी पेज खावन हेंच शिकलंय? आंधळ्या! काड भायर! सगळे काड भायर! परत लाभ!"

माडावरचा पाडेली कोयता धरून खाली बघत राहिला. आजार चेहऱ्यापर्यंतही चढला होता, कीनचं अर्धं तोंड अजून नीट हलत नाही, त्यामुळे तो हसतो तेव्हा एकाच बाजूने हसतो. तो तसा हसला. मग खाली बसून एकेक नारळ छातीशी धरून बाहेर काढू लागला. गडी मदतीला वाकला, तर बाबा त्याच्यावरही खेकसले.

त्या बाकावरच्या बाईला मी हे सांगायला हवं होतं. हात येतात, पण पुरते येत नाहीत. कीनचं वरचं बटण अजून मीच लावते. बॉल तो छातीशी धरतो, बोटांत नाही, आणि गोलकीपर म्हणून त्याचं संपलं. पण तो दारात उभा राहतो, आणि समोरून कुणीतरी जोरात फेकतं.

बाबा जागेवर गेले. नारळ उचलला. फेकणार तोच त्यांची नजर ओसरीवर गेली.

"आनी तू थंय उबी रावन कित्याक रडटा गो, मेले?" ते माझ्यावर ओरडले. "कोण मेलो काय?"

कोणी मेलं नव्हतं.